चिखलात घेतलेलं नाव

पळसटोल्याची शकुबाई वीस वर्षांची आहे आणि तिची जीभ चाळीस वर्षांची आहे, असं गाव म्हणतं. गाव काही खोटं म्हणत नाही. धानाची रोपं लावणाऱ्या, रोवण्याच्या बायकांची टोळी घेऊन ती कोणाच्या दारात उभी राहिली की घरधनी आधी आतूनच कानोसा घेतो. दुपारी जेवायला किती वेळ, लेकुरवाळीला पोर पाजायला किती वेळ, हे सगळं ती शेताच्या कडेला धुऱ्यावर उभी राहून बोलून घेते आणि मगच चिखलात पाय टाकते. तिचा नवरा पोचू नदीवर मासे धरतो आणि घरात फारसा बोलत नाही. त्याला बोलायची पाळीच येत नाही, असं शेजारी म्हणतात.

या शकुबाईची एक गोष्ट वैनगंगेच्या दोन्ही काठांवर सांगितली जाते. पंधरा वर्षांची असताना तिनं भर बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, मालगुजाराच्या पोरीला नाव घेऊन हाक मारली आणि बाजूला हो म्हणून सांगितलं. सांगणारे मांडीवर थाप मारून सांगतात. शकुबाई तिथं असली तर उठून जाते. लोकांना वाटतं, स्वतःची तारीफ ऐकून बाई लाजली. लाजते हे खरं आहे. कशाला, ते यंदाच्या आषाढापर्यंत लोकांना ठाऊक नव्हतं.

तेव्हा चांदा जिल्हा मध्यप्रदेशात होता. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, नुकतीच कायद्यानं गेली होती, पण पळसटोल्यात नानाजींना सगळे मालगुजारच म्हणत, आणि म्हणणाऱ्याची मानही आपोआप वाकत असे. नानाजींची एकुलती एक पोर भागीरथा. तिची आई लहानपणीच वारली होती, घर काकूच्या हातात होतं. शकूचा बाप वारलू ढिवर, तलावात जाळं टाकणारा. शकूची माय मालगुजाराच्या घरी पाणी भरायची. ढिवराच्या हातचं पाणी सगळ्यांना चालतं, म्हणून ती सैपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत जायची आणि तिच्या लुगड्याला धरून शकूही जायची. मायच्या चार खेपा होईस्तोवर दोघी पोरी परसात खेळत. भागीरथा चुलतभावाच्या पुस्तकातून अक्षरं शिकली ती तिनं कोळशानं भिंतीवर काढून शकूला शिकवली. शकूनं तिला फडक्यात मासोळी कशी धरायची ते शिकवलं. काकूच्या शिव्या दोघींनी सारख्या वाटून खाल्ल्या.

तेरा वर्षांच्या झाल्या तेव्हा मार्कंड्याच्या जत्रेत दोघींनी महापरसाद बदलला. आपल्या झाडीपट्टीत ही रीत पूर्वीपासून आहे. दोघांनी देवाचा प्रसाद एकमेकांच्या तोंडात घालायचा, पाच माणसं साक्षीला ठेवायची, आणि त्या घडीपासून ते सख्ख्याहून सख्खे. एकमेकांचं नाव पुन्हा तोंडातून काढायचं नाही. हाक मारायची ती 'महापरसाद' म्हणूनच. जात आडवी येत नाही, घर लहानमोठं आडवं येत नाही. नाव घेतलं की नातं तुटलं. शिवरात्रीच्या गर्दीत, नदीच्या वाळूत उभ्या राहून दोघींनी नारळाचा तुकडा बदलला तेव्हा नानाजी खुशीत होते. वारलूला तर काय करू न् काय नको झालं होतं. साक्षीदारांत रुखमाबाई होती, तीच जी पुढं रोवण्याच्या टोळीची म्होरकी झाली.

जत्रेहून परतल्यावर आठ दिवसांनी काकूनं शकूच्या मायच्या हातातली घागर काढून घेतली. "आता तुमी सोयरे झाले बाई. सोयऱ्याच्या हातून पाणी भरून घेतलं तं लोक आमाले हासतीन." पोरीची माय मान वर करून घरी आली. पाणी भरण्याबद्दल मिळणारं वर्षाचं धान त्या घागरीबरोबर बंद झालं हे तिला पुढच्या दिवाळीत नीट उमगलं. तिनं ते कोणाजवळ बोलून दाखवलं नाही. मालगुजाराचे सोयरे झालो, आता तोंड वेंगाडायचं कसं.

मग तलाव सरकारजमा झाला. मासोळीचा लिलाव झाला आणि बाहेरगावचा एक ठेकेदार आपली माणसं घेऊन आला. वारलूचं जाळं खुंटीवर गेलं. तो बांबूकटाईला जंगलात गेला आणि दुसऱ्याच महिन्यात बांबूचा खुंट तळपायातून आरपार घुसवून खाटेवर आला. पाय सुजला, पिकला, सगळ्या झोपडीला त्याचा वास लागला.

त्या दिवसांत शकू खोटं बोलायला शिकली. भागीरथा आली की शकू तिला अंगणातच गाठायची, हात धरून बोडीच्या पाळीवर, तळ्याच्या काठी, न्यायची. घरात येऊ द्यायची नाही. भागीरथा विचारायची, "काय जेवली वो महापरसाद?" शकू म्हणायची, "मासोळीचा रस्सा अन् भात." पोटात आंबील असायची, तीही काल सकाळची. भागीरथाला ते खरं वाटायचं. मासेवाल्याच्या घरी मासोळी नसेल हे तिच्या डोक्यात कसं येणार? जिनं घरची कणगी रिकामी पाहिलीच नाही, तिला रिकामी कणगी दिसत नाही. पण तिचा तो विश्वास शकूला टोचायचा. इतकी कशी भोळी, असा राग यायचा. खोटं आपण बोलायचं आणि राग तिच्यावर काढायचा, असं चाललं होतं.

त्या वर्षी सावनात शकू रुखमाबाईच्या टोळीत रोवण्याला जाऊ लागली. पहिले दिवस दुसऱ्यांच्या बांधीत गेले. मग टोळी नानाजींच्या बांधीत शिरली. आता इथं पेच होता. महापरसादाच्या घरी मजुरी घेत नाहीत. हात लावायचा तर घरच्यासारखा, फुकट. मायनं सांगितलं, "हे पाच दिस घरी राह्य." शकू म्हणाली, "घरी राहून का चाटू?" तिनं हिशेब असा केला की मालगुजाराची पोर काही चिखलात येत नाही, आणि रोवणारीचं तोंड कोणाला दिसत नाही. पावसात प्रत्येकीच्या डोक्यापासून कमरेपर्यंत पळसाच्या पानांचा मोरा असतो. धुऱ्यावरून पाहणाऱ्याला नुसत्या पानांच्या पाठी दिसतात, वीस वाकलेल्या पाठी. मायला सांगून ठेवलं, भागीरथा आली तर म्हण, मामाच्या गावाले गेली.

चार दिवस निभले. पाचव्या दिवशी शेवटची बांधी होती आणि काकू पूजेचं ताट घेऊन आली. तिच्यामागं भागीरथा. तिचं लग्न ठरून पंधरा दिवस झाले होते, अंगावर नवं लुगडं होतं. शकूनं मोरा पुढं ओढला आणि नाक पाण्याला लागेल इतकी वाकली.

रोवण्याच्या बायका वाटेनं जाणाऱ्याला अशी तशी सोडत नाहीत. त्याच्या पुढ्यात पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंढी टाकायची आणि बोजारा मागायचा. खुशीनं काही दिल्याशिवाय त्यानं ती पेंढी ओलांडायची नाही. रुखमाबाईनं पेंढी फेकली ती बरोबर भागीरथाच्या पायाशी.

"पोट्टीहो, नवरीबाई आली. सोडू नोका तिले. बोजारा टाक वो बाई, नाईतं नवऱ्याचं नाव घे."

"नवरा पाह्यलाच नाई मावशी, नाव कायचं घेऊ?" भागीरथा हसत म्हणाली.

"पाह्यला नाई तवरच घेऊन टाक. पाह्यल्यावर काई सुचत नाई."

बायका खिदळल्या. भागीरथाही खिदळली. "मी तं महापरसादाचं नाव घेत नाई, नवऱ्याचं कुठून घेऊ?"

ओळीत पत्रूची बायको होती. जात्याच तिखट. तिनं कमरेवर हात देऊन म्हटलं, "तुहा महापरसाद तं इथीच हाये वो. पाय, कशी लपून रायली." आणि तिनं शकूचा मोरा उचलला.

शकू उभी राहिली. कोपरापर्यंत चिखल, केस कपाळाला चिकटलेले. भागीरथाला आधी ओळख पटली नाही. मग तिचं तोंड उजळलं, अगदी जत्रेत हरवलेलं माणूस सापडावं तसं. "महापरसाद? अवो, मी दोन खेप तुह्या घरी येऊन गेलो. माय म्हणे मामाच्या गावाले गेली."

वीस बायकांनी ते ऐकलं. कोणीतरी नाकातून हसलं.

भागीरथानं लुगडं वर खोचलं आणि ती सरळ बांधीत उतरली. काकू ओरडली, "पोरी, नवं लुगडं हाये." ती म्हणाली, "राहू दे काकू, हे ओळ होऊ दे." शकूच्या शेजारी उभी राहून तिनं पऱ्हे हातात घेतले. रोवता येत नव्हतं. दोन काड्या लावल्या त्या लगेच तरंगल्या. तरी ती खुशीत होती. तिला काय वाटलं, तर मैत्रीण सापडली, आता मैत्रिणीची अडचण मिटवायची. मोठ्या घरात अडचण मिटते तशी, एका शब्दात.

"काकू," तिनं धुऱ्याकडं पाहून सांगितलं, "महापरसादाले मजुरी देता येत नाई ना? मंग यायच्या घरी धानाचं पोतं पाठवू. गडी आजच नेऊन टाकन. आन् उद्यापासून हे नाई येणार कोनाच्या कामाले."

पत्रूची बायको म्हणाली, "पाय वो बाई. आमी कंबर मोडाची अन् यीले घरबसल्या पोतं."

"असं भेटते तं मीबी करतो कोनी महापरसाद," दुसरी म्हणाली.

"त्याले भीक म्हणत नाई, महापरसाद म्हणतेत."

आता हसू मोठं झालं.  पाच दिवसांची मजुरी एका शब्दात गेली होती, टोळीतली जागा गेली होती, खोटं उघडं पडलं होतं, आणि हे सगळं करणारी शेजारी उभी राहून तिच्याकडं मायेनं पाहत होती. जिभेवर आलं ते पत्रूच्या बायकोसाठी होतं. ठेकेदारासाठी होतं, काकूसाठी होतं. लागलं मात्र जवळ होती तिला.

"भागीरथा," शकू म्हणाली.

हसू थांबलं. रुखमाबाईच्या हातातली पेंढी खाली पडली.

"भागीरथा, बाजूले हो. तुह्या बापाच्या बांधीत मी मजूर हाओ. मजुरी घेईन. तुहं पोतं तुह्या घरी ठेव."

दोनदा घेतलं नाव. एकदा घेतलं असतं तर जीभ घसरली म्हणता आलं असतं.

भागीरथा रडली नाही, रागावलीही नाही. लहान पोराला आपल्याच माणसानं विनाकारण मारलं की ते जसं आधी मारणाऱ्याच्याच तोंडाकडं पाहतं, तशी ती पाहत राहिली. हातात चारसहा पऱ्हे उरले होते. पऱ्हे फेकायचे नसतात, एवढं तिला ठाऊक होतं. तिनं वाकून ते एकेक करून चिखलात लावले, नीट दाबले, आणि "बरं" म्हणून धुऱ्यावर चढली. काकूनं तिचे पाय धुवायला पाणी टाकलं. त्या दोघी दिसेनाशा झाल्या. मग पत्रूची बायको हळूच म्हणाली, "ढिवराच्या पोरीत दम हाये बाप्पा." त्या सांजेपासून गोष्ट गावात फिरायला लागली, आणि फिरता फिरता तिच्यातून भागीरथाचं चिखलात उतरणं कुठंतरी गळून गेलं.

शकूनं मजुरी घेतली. घरी भात शिजला. वारलू खाटेवर उठून बसला, पण ताटाला हात लावेना.

"रुखमाबाई येऊन गेली," तो एवढंच सांगून थांबला. मग म्हणाला, "नाव घेतलं तू?"

"घेतलं."

"काऊन?"

"सारे हासत होते."

"ते महापरसाद हासत होती का?"

शकूनं ताट त्याच्याकडं सरकवलं.

"मोडलं तं जोडता येते," वारलू म्हणाला. "त्याच पाच साक्षीदारायले बोलवाचं, नारळ घ्याचा, आन् म्हणाचं, माही चूक झाली. एवढंच हाये. मी लंगडत येतो तुह्यासंगं."

शकू म्हणाली, "जाईन." पोळा झाला की जाईन. मग दसरा. मग धान कापलं की. नारळ मायनं आणून ठेवला होता, तो शकूनं फोडून खाऊन टाकला आणि दुसरा आणू म्हणाली. जायचं म्हटलं की डोळ्यांपुढं मालगुजाराची ओसरी यायची, काकू यायची, आणि मनात यायचं की माफी मागायला गेलो तर लोक म्हणतील, पोत्यासाठी आली. या 'लोक म्हणतील'मागं लपून तिनं सात महिने काढले. मानी माणसाला लपायला जागा पुष्कळ सापडतात.

फागुनात भागीरथा स्वतःच आली. लग्नाची अक्षत घेऊन, एकटी. शकूनं तिला वाटेवर येताना पाहिलं आणि ती घरात पळाली. धान साठवायची बांबूची ढोली कोपऱ्यात होती, रिकामी. तिच्यामागं जाऊन बसली. मायला खूण केली. माय बिचारी पुन्हा खोटं बोलली, "जंगलात गेली वो बाई, सरपणाले."

"ते येईस्तोवर बसतो," भागीरथा म्हणाली आणि जमिनीवर बसली. या घरात ती पहिल्यांदाच आत आली होती. ढोलीच्या फटीतून शकूला तिचे पाय दिसत होते, आणि खाटेवरून लोंबणारा बापाचा पाय, चिंध्या बांधलेला. भागीरथानं तो पाय पाहिला. नाक धरलं नाही. वारलूला विचारलं, रात्री झोप लागते का, औषध कोण देतो. मग म्हणाली, "मावशी, भूक लागली. काई देशील?"

माय गोंधळली. घरात आंबील होती, दुसरं काही नव्हतं. तिनं हळू आवाजात ते सांगितलं. "दे ना मंग," भागीरथा म्हणाली. वाडगाभर आंबील ती मीठ टाकून प्याली, आणि तिनं आणखी मागितली. ज्या आंबिलीवर शकूनं दोन वर्षं मासोळीच्या रश्श्याचं झाकण ठेवलं होतं, ती तिनं बोट फिरवून पुसून खाल्ली. हे सगळं शकूनं हातभर अंतरावरून पाहिलं. उठून पुढं यायला दोन पावलं लागली असती. आधी लपलो आहोत, आता उठलो तर कसं दिसेल, या एका विचारानं ती उठली नाही. तिचा पाय मुंग्या येऊन बधिर झाला तरी नाही.

जाताना भागीरथा दारात थांबली. आवाज थोडा मोठा करून म्हणाली, "तिले सांगजा, मी आलो होतो. लग्नाले ये म्हणा." ते मायला सांगितलं की ढोलीला, हे शकूला आजवर कळलेलं नाही.

लग्नाच्या दिवशी शकू मोहफुलं वेचायला जंगलात गेली. एरवी टोपली दुपारपर्यंत भरते. तिनं संध्याकाळ केली. वाजंत्री तिथंही ऐकू येत होती. महापरसाद नवरीच्या पाठीशी उभी राहते. काकूनं तिथं आपली भाची उभी केली होती, पण भागीरथानं तिला बसवून टाकलं आणि पाठीमागं कोणालाच उभं राहू दिलं नाही, असं रुखमाबाईनं दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं. सांगताना शकूच्या तोंडाकडं पाहिलं नाही. भागीरथा नदीपलीकडच्या गावी नांदायला गेली.

वारलूचा पाय बरा झाला, थोडा वाकडा राहिला. शकूचं लग्न झालं. रुखमाबाईचे गुडघे गेले तेव्हा टोळी शकूच्या हाती आली. जिल्हा मुंबई राज्यात गेला. ती चिखलातली गोष्ट मात्र जुनी झाली नाही, उलट मोठी होत गेली.

यंदा आषाढात चार गावांच्या रोवणाऱ्या बायकांनी मजुरी वाढल्याशिवाय चिखलात पाय टाकणार नाही म्हणून ठरवलं. पळसटोल्याच्या आखरावर, गुरं जमतात त्या मोकळ्या जागी, सभा भरली. तीनचारशे माणूस होतं. शहरातून एक पुढारी आला होता, टोपी स्वच्छ, आवाज खणखणीत. त्यानं ती गोष्ट काढली. "या शकुबाईकडं पाहा," तो म्हणाला. "पंधरा वर्षांची पोर, तिनं मालगुजाराच्या माजोरड्या पोरीला भर शेतात..."

शकुबाई उठली. लोकांना वाटलं, या वेळीही जाईल. ती गेली नाही.

"माजोरडी नव्हती ते," ती म्हणाली. "ते चिखलात उतरली होती. माह्यासाठी. नवं लुगडं होतं अंगावर."

पुढारी हसून म्हणाला, "बाई, बोला, बोला."

आणि ती बोलली. मासोळीच्या रश्श्याचं खोटं, मामाच्या गावाचं खोटं, हसणाऱ्या बायकांचा राग कोणावर काढला ते, ढोलीमागं बसली ते. पत्रूच्या बायकोनं मान खाली घातली. रुखमाबाईनं तिचा पदर ओढला, "बस आता, पुरे." ती बसली नाही. "मी मालगुजाराले काई नाई म्हटलं त्या दिशी," ती म्हणाली. "त्याच्या पोरीले म्हटलं, काऊन का ते माह्या जवळ उभी होती. याले दम म्हणत असान तं म्हणा."

सभेत चुळबूळ झाली. पुढाऱ्यानं घसा खाकरला आणि मजुरीचा विषय पुन्हा हातात घेतला. मजुरी वाढून मिळाली. ती शकुबाईनंच भांडून मिळवली, हेही सांगायला पाहिजे.

मोकळं बोलून टाकलं की छातीवरचं ओझं उतरेल, असं तिला वाटलं होतं. ते उतरलं नाही. सभा सुटल्यावर रुखमाबाई काठी टेकत तिच्याजवळ आली.

"आमाले काऊन सांगतलं? आमी का करू त्याचं? तिले सांग."

"जातो," शकुबाई म्हणाली.

"कवा?"

"रोवणा होऊ दे."

 नदीपलीकडचं ते गाव एका दिवसाच्या वाटेवर आहे. नदीत नाव चालते, नावाडी तिच्याच जातीचा आहे, तो तिच्याकडून काही घेणार नाही. पाच साक्षीदारांपैकी चौघं अजून जिवंत आहेत. पोचूनं दोनदा म्हटलं, चाल, मी येतो. रोवणा होऊन गेला. आता बांधीबांधीतून धान पिवळं पडलं आहे, पुढच्या हप्त्यात कापणी लागेल, आणि काल शकुबाई रुखमाबाईला सांगत होती की कापणी एकदा आटोपली की मग नक्की.